पऱ्ह्याच्या पाण्यासाठी तपासणीची पेटी : एका किटचे परीक्षण

गावोगावच्या जलसुरक्षकांकडे विहिरी आणि नळयोजनांचे पाणी तपासण्यासाठी जी पेटी असते, तशीच क्षेत्रीय पाणी तपासणीची पेटी बाजारात कोणालाही विकत घेता येते. बोलण्यात तिला सगळे ‘एफटीके किट’ म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील आमच्या लहानशा शहरात शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ही पेटी दिवाळीनंतर घेतली आणि विहिरींसोबतच शहराच्या मधून खाडीकडे जाणाऱ्या पऱ्ह्यावरही, म्हणजे लहान ओढ्यावरही, ती वापरली. पेटी मुळात पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली आहे, त्यामुळे गटारांचे पाणी मिसळलेल्या ओढ्यावर ती किती उपयोगी पडते याची माहिती उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळत नाही. ती उणीव काही अंशी भरून निघावी म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. पऱ्ह्याचे पाणी घाण आहे का, एवढेच जाणून घेण्यासाठी ही पेटी घेऊ नये, कारण ते डोळ्यांना आणि नाकाला कळतेच. घाण नेमकी कोठून आत शिरते आणि ती कोणत्या प्रकारची आहे हे शोधायचे असेल, तर मात्र तीन हजार रुपयांच्या आत याहून उपयोगी साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

पेटीत सामू (पीएच), गढूळपणा, काठिण्य, अल्कता, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट, नायट्राइट, अमोनिया, फॉस्फेट आणि शिल्लक क्लोरीन यांच्या चाचण्यांची द्रावणे आणि पावडरी येतात. त्यांच्यासोबत प्लास्टिकच्या परीक्षानळ्या, रंग जुळवून पाहण्याचे तक्ते आणि जिवाणू तपासणीच्या काही बाटल्या असतात. बहुतेक चाचण्या रंगावरच्या आहेत. नळीत ठरावीक खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, सांगितलेले थेंब किंवा पावडर घालायची, सांगितलेली मिनिटे थांबायचे आणि आलेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. आठवी-नववीच्या मुलांना हे काम सहज जमते. आमच्या मुलींचे हात मुलांपेक्षा अधिक स्थिर निघाले आणि थेंब मोजण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच राहिले.

आता पऱ्ह्याविषयी, कारण पाणी कोणत्या जमिनीतून येते हे माहीत नसेल तर कोणत्याही किटचे आकडे वाचता येत नाहीत. आमचे शहर अर्धे सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर, आणि अर्धे खाडीकाठी आहे. सड्यावरचा जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली उतरते, खालच्या शेडीच्या चिकण थरावर अडते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पऱ्ह्याचा उगम अशाच झऱ्यांत आहे. जुन्या माणसांच्या आठवणीप्रमाणे हा पऱ्ह्या शिमग्यानंतर रोडावत जाई आणि चैत्र-वैशाखात त्यात कातळातल्या डबक्यांपुरतेच पाणी उरे. आज तो वैशाखातही वाहतो. वर झऱ्याला पाणी नसताना खाली शहरात पऱ्ह्या वाहत असेल, तर ते पाणी आपल्याच घरांतून येत आहे हे समजायला कोणत्याही रसायनाची गरज नाही. नद्यांच्या पाण्यावर सरकारी यंत्रणेचे काही प्रमाणात तरी लक्ष असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले होते आणि त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते. शहरातल्या शहरात उगम पावून खाडीला मिळणारा एखादा पऱ्ह्या मात्र अशा यादीत येत नाही, आणि म्हणूनच त्याची तपासणी तिथे राहणाऱ्यांनी करावी लागते.

पेटीतील सर्वांत मोलाची जोडी म्हणजे अमोनिया आणि नायट्रेट या दोन चाचण्या. त्यांपैकी एकीचाच आकडा पाहून काही कळत नाही, दोन्ही एकत्र वाचाव्या लागतात. मलमूत्रातील नत्र प्रथम अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. पाण्यात प्राणवायू असेल तर जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि या प्रक्रियेला वेळ लागतो. त्यामुळे ज्या ठिकाणी अमोनिया भरपूर आणि नायट्रेट जवळजवळ नाही, तिथे सांडपाणी ताजे असून त्याचा स्रोत जवळच आहे. ज्या ठिकाणी नायट्रेट चढलेले आणि अमोनिया नाही, तिथे घाण लांबून किंवा जमिनीतून झिरपून आलेली आहे. नायट्राइटचा गुलाबी रंग ठळक दिसला तर ही प्रक्रिया अजून अर्ध्यावर आहे असे समजावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० : २०१२ मध्ये नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि अमोनियाची ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. पऱ्ह्याचे पाणी कोणी पीत नाही, तरी तुलनेसाठी हे आकडे जवळ असलेले बरे.

आम्ही पऱ्ह्याच्या काठाने उगमापासून खाली चालत गेलो आणि प्रत्येक गटाराच्या तोंडाच्या थोडे वर आणि थोडे खाली असे पाणी घेतले. काम कंटाळवाणे आहे, पण पेटीचा खरा उपयोग याच पद्धतीत आहे, कारण रंगाचा तक्ता अचूक आकडा देत नसला तरी वरच्या आणि खालच्या नळीतला फरक कोणालाही दिसतो. उगमाच्या झऱ्यात अमोनिया नव्हता आणि नायट्रेट अगदी फिके होते. सड्यावरच्या नव्या इमारतींच्या खालच्या उतारावर जांभ्याच्या फटींतून जिथे पाणी पाझरते, तिथे अमोनिया नाही पण नायट्रेटचा रंग एकदम गडद, असे आढळले. शोषखड्ड्यांचे पाणी जांभ्यातून खाली उतरते आहे, याचा एवढा स्पष्ट पुरावा मी यापूर्वी पाहिला नव्हता. त्या उताराच्या पायथ्याशी ज्यांच्या विहिरी आहेत त्यांना आम्ही लगेच सांगितले, कारण त्यांच्या विहिरीचे पाणीही त्याच कातळातून येते. त्याखाली बाजारपेठेचा टप्पा सुरू होतो. तिथे चित्र उलटे झाले, नायट्रेट फिके पडले आणि अमोनियाची नळी हिरवीगार झाली. हे ताजे सांडपाणी होते, आणि ते थेट गटारांतून येत होते.

या गटारांपैकी एक वर शोधत गेल्यावर एका रहिवासी इमारतीच्या सेप्टिक टाकीपाशी थांबले. टाकीतून जादा पाणी काढून देणारा पाइप शोषखड्ड्याऐवजी पावसाळी गटाराला जोडलेला होता. असे जोड आपल्याकडच्या शहरांत किती सर्रास असतात, हे बांधकामाशी संबंध असलेल्या कोणालाही विचारावे. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते असा समज फार पसरलेला आहे. टाकीत घन मैला तळाशी बसतो आणि काही प्रमाणात कुजतो, परंतु अमोनिया, फॉस्फेट आणि रोगजंतू पाण्याबरोबर बाहेर पडतातच. म्हणून त्या पाण्यासाठी शोषखड्डा किंवा पुढची प्रक्रिया आवश्यक असते. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली पाहिजे असा संकेत आहे. ती वर्षानुवर्षे उपसली नाही तर गाळाने भरते, पाणी आत थांबत नाही आणि मैलाही पाण्यासोबत गटारात जाऊ लागतो. उपसण्याचे काम यंत्र लावलेल्या गाडीनेच करून घ्यायचे असते. माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात माणसे जीव गमावतात, हे इथे मुद्दाम लिहीत आहे. गाडी मैला उपसून कोठे रिकामी करते हेही विचारले पाहिजे, कारण तो एखाद्या आडवाटेच्या ओढ्यात गेला तर घाण फक्त एका पऱ्ह्यातून उचलून दुसऱ्या पऱ्ह्यात टाकल्यासारखे होते.

घरगुती सांडपाण्याविषयी एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. पूर्वी न्हाणीचे पाणी परसातल्या केळींना, अळवाला आणि माडांच्या आळ्यांना जात असे. त्या पाण्यातला नत्र झाडे घेत आणि गटार नावाची वस्तू वाडीत नसे. घरांच्या जागी इमारती आल्या, परस गेले, आणि तेच पाणी आता पाइपातून पऱ्ह्यात उतरते. त्यात धुण्याच्या पावडरींची भर पडली. पेटीतील फॉस्फेटची निळी चाचणी हे टिपते, परंतु फॉस्फेट मलमूत्रातूनही येत असल्यामुळे धुण्याचे पाणी कोणते आणि शौचालयाचे कोणते हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी पेटीबाहेरचा एक स्वस्त उपाय फार उपयोगी ठरला. धुण्याच्या पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून जी द्रव्ये घालतात, ती सुती धाग्याला चिकटतात आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. औषधाच्या दुकानातील काही कापूस आधीच चमकतो, म्हणून तो प्रथम नोटा तपासण्याच्या दिव्याखाली पाहून घ्यावा, आणि जो चमकत नाही तो जाळीच्या पिशवीत घालून गटाराच्या तोंडाशी काही दिवस बांधून ठेवावा. मग साध्या पाण्यात धुऊन, वाळवून, अंधारात त्याच दिव्याखाली पाहावा. चमकला तर त्या गटारात घरांचे धुण्याचे पाणी आहे. पावसाळी गटार म्हणून कागदावर नोंदलेल्या एका नाल्यातला आमचा कापूस लख्ख चमकला. किट बनवणाऱ्यांनी असा दिवा आणि कापसाचे चार तुकडे पेटीत घातले, तर किमतीत फारसा फरक पडणार नाही आणि शहरांतल्या शाळांना त्याचा मोठा उपयोग होईल.

मासळी बाजाराचे गटार ओळखण्यासाठी क्लोराइडची चाचणी कामास आली. मासळी धुतलेले पाणी, रक्त, आतडी आणि खवले यांमुळे अमोनिया चढतोच, पण घरगुती सांडपाण्यातही तो असतो. मासळीच्या पाण्यात त्याबरोबर मीठही बरेच असते, त्यामुळे तिथे क्लोराइडची चाचणी पूर्ण होण्यासाठी इतर गटारांच्या मानाने कितीतरी अधिक थेंब लागले. या चाचणीत पिवळे पाणी विटकरी होईपर्यंत थेंब मोजायचे असतात, रंग ताडून पाहायचा नसतो, त्यामुळे पेटीतल्या सगळ्या चाचण्यांत ती मला अधिक भरवशाची वाटली. मात्र किनाऱ्यावरच्या शहरात तिला एक मर्यादा आहे आणि ती पुस्तिकेत कोठेही लिहिलेली नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. भरतीचे पाणी पऱ्ह्यात जिथपर्यंत चढते, तिथपर्यंत ही चाचणी निरुपयोगी आहे. भरतीची सीमा आधी काठावरून चालून पाहून ठरवावी, आणि क्लोराइडसाठी पाणी तिच्या वरच्याच भागातून, ओहोटीच्या वेळी घ्यावे.

जिवाणूंच्या बाटलीविषयी, जिला सगळे ‘एचटूएस बाटली’ म्हणतात, थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्यावर लोकांचा विश्वास सर्वांत जास्त असतो. ही पद्धत मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली गेली. आतड्यांतील काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस) वायू तयार करतात. बाटलीतील लोहाशी त्याचा संयोग झाला की पाणी काळे पडते. पाणी भरून बाटली २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवायची, एवढेच काम असते. आपल्याकडे फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत घरातली उष्णता त्याला पुरते. विहिरीच्या पाण्यासाठी ही बाटली उत्तम आहे. ती काळी झाली तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये, एवढा निर्णय तिच्यावरून घेता येतो. पऱ्ह्यासाठी मात्र ती फारशी उपयोगी नाही. ती घाण किती आहे हे सांगत नाही, फक्त आहे किंवा नाही एवढेच सांगते, आणि शहरातल्या पऱ्ह्यात ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी काळीच होते. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाच्या निकषात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) ५०० च्या आत असणे इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा मानली आहे. असे प्रमाण मोजायचे असेल तर प्रयोगशाळेलाच पाणी दिले पाहिजे. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, टप्प्यात तर या बाटलीवर मुळीच विसंबू नये. कांदळवनातल्या काळ्या चिखलात सल्फाइड तयार करणारे जिवाणू निसर्गतःच असतात, आणि तिथले पाणी मलाचा अंशही नसताना बाटली काळी करू शकते. आमच्या मुलांनी बाटल्यांपैकी बहुतेक उगमाच्या झऱ्यासाठी आणि उताराखालच्या विहिरींसाठी राखून ठेवल्या, आणि तो निर्णय योग्यच होता.

पेटीची सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. तिच्यात विरघळलेल्या प्राणवायूची चाचणी नाही. पऱ्ह्यातले मासे आणि खेकडे मरतात ते बहुधा अमोनियाने नव्हे, तर प्राणवायू संपल्यामुळे. सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. ३० अंश सेल्सिअसला स्वच्छ गोड्या पाण्यातही जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, त्यामुळे आपल्या उष्ण हवेत पाण्याजवळ मुळातच शिल्लक कमी असते. आंघोळीच्या पाण्याच्या निकषात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा असे म्हटले आहे. आंब्याच्या हंगामात आमरस आणि पल्प बनवणाऱ्या कारखान्यांचे धुण्याचे पाणी ज्या ओढ्यांत जाते, तिथे हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. त्या पाण्यात साखर आणि आम्ल असते, नत्र मात्र फारसा नसतो. म्हणजे अमोनिया आणि नायट्रेटच्या नळ्या जवळजवळ स्वच्छ दिसतील आणि त्याच ओढ्यात मासे तडफडत असतील. अशा ठिकाणी सामू उतरलेला दिसणे एवढीच खूण ही पेटी देते. आम्ही कोळंबी संवर्धनाचे सामान विकणाऱ्या दुकानातून प्राणवायू मोजण्याचा थेंबांचा छोटा संच वेगळा आणला. विंकलर यांची ही पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही ती उत्तम चालते. पऱ्ह्यासाठी पेटी घेणाऱ्या प्रत्येकाने हा संच सोबत घ्यावाच, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. प्राणवायू पहाटे मोजावा, कारण दिवसा शेवाळ प्राणवायू सोडत असल्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो.

गॅरेज आणि गाड्या धुण्याच्या जागांमधून येणारे तेल, बॅटऱ्यांमधले शिसे आणि रंगकामातली द्रावके यांपैकी काहीही या पेटीत दिसत नाही. तेलासाठी मात्र एक काडी पुरते. जांभ्याच्या मुलखात झऱ्यांच्या तोंडाशी तांबूस गाळ आणि त्यावर चकाकणारा तवंग दिसतो. तो बहुतेक वेळा लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो, आणि त्याला प्रदूषण समजून लोक घाबरतात. तवंगात काडी फिरवावी. जिवाणूंचा तवंग तुकड्यांत फुटतो आणि फुटलेलाच राहतो. खरे तेल असेल तर ते काडीमागे पुन्हा एकत्र येते. पेटीतील लोहाची चाचणी या कामी फारशी मदत करत नाही, कारण आपल्या मातीत लोह जिकडेतिकडे आहे.

आता वापरातल्या तक्रारी. रंगांच्या तक्त्यावरील टप्पे फार दूरदूर आहेत. नायट्रेटच्या १० नंतर थेट ४५ येतो आणि मधली छटा आली की दोन मुलांचे दोन आकडे होतात. तक्ता गुळगुळीत कागदावर छापलेला असून उन्हात ठेवला तर त्याचे रंग उतरतात. तो वहीत मिटून ठेवावा आणि नळी नेहमी पांढऱ्या कागदासमोर, सावलीत धरावी. पावडरींच्या बाटल्यांची झाकणे सैल आहेत. आपल्याकडच्या दमट हवेत नायट्रेटच्या पावडरीचे पावसाळ्यापूर्वीच खडे होऊ लागले, तेव्हा त्या बाटल्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्या लागल्या. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. ज्या पेट्या महाराष्ट्रातल्या गावागावांत बायाबापड्यांच्या हाती जातात, त्यांच्यासोबत मराठी पुस्तिका नसावी ही गोष्ट मला अतिशय खटकली. आम्ही मुलांकडून मराठी कृतिपत्रिका लिहून घेतली आणि तीच आता वापरतो.

चाचणी झाल्यानंतर नळीतल्या पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न पुस्तिकेने सोडूनच दिला आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. क्लोराइडच्या चाचणीत क्रोमेट आणि चांदीचा क्षार असतो. काही कंपन्यांच्या अमोनियाच्या चाचणीत पारा असलेले नेसलर द्रावण असते, ज्याने रंग पिवळा ते तपकिरी येतो. पऱ्ह्याचे पाणी तपासून तीच नळी पऱ्ह्यात रिकामी करणे म्हणजे आपणही त्यात विष ओतणे आहे. विकत घेताना अमोनियाची चाचणी सॅलिसिलेटची, म्हणजे हिरवा रंग देणारी आहे का, आणि क्लोरीनची चाचणी जुन्या ऑर्थोटॉलिडीनऐवजी डीपीडीची आहे का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. वापरलेले सगळे द्रावण घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेकडे द्यावे. पेटीत हातमोजे नाहीत, तेही वेगळे घ्यावे लागतात. कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे (दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या आजाराचे) रुग्ण दर पावसाळ्यात आढळतात, त्यामुळे पायाला जखम असलेल्या मुलाला पऱ्ह्यात उतरू देऊ नये आणि पाणी शक्यतो दोरी बांधलेल्या बादलीने काठावरूनच घ्यावे.

पावसाळ्यात ही पेटी कशी वागते, याबद्दलही सांगितले पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरींनी रस्त्यांवरची, गटारांतली आणि कचऱ्याच्या ढिगांखालची महिनोन्‌महिने साठलेली घाण एकदम पऱ्ह्यात येते. तिच्यासोबत सिगारेटची थोटके, थर्माकोल आणि २०१८ पासून राज्यात बंदी असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही येतात. नेमक्या त्याच दिवसांत चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर येत असतात. वर्षातले हे सर्वांत महत्त्वाचे पाणी, आणि त्याच वेळी पेटी जवळजवळ हतबल होते, कारण तांबड्या गढूळ पाण्यात कोणताही रंग ताडता येत नाही. पाणी रात्रभर निवळू देऊन मग गाळणीच्या कागदातून गाळले तर नायट्रेट आणि अमोनियाचा अंदाज येतो, पण फॉस्फेट मातीला चिकटून राहते आणि आकडा खरा येत नाही. त्या दिवसांत प्राणवायूचा वेगळा संचच काय तो कामास येतो. पाऊस स्थिरावल्यावर पाणी इतके पातळ होते की सगळ्या नळ्या फिक्या दिसतात. त्यावरून पऱ्ह्या सुधारला असे कोणी समजू नये. स्रोत शोधण्याचे काम माघ ते वैशाख या काळातच करावे, आणि एकाच जागी सकाळी धुण्याभांड्यांच्या वेळी, मासळी बाजार उठल्यावर आणि रात्री हॉटेले बंद होताना असे वेगवेगळ्या वेळी पाणी घ्यावे. दुपारी कोरडे दिसणारे एक गटार रात्री तेलकट पाण्याने भरून वाहताना आम्हाला असेच सापडले.

पेटीच्या आकड्यांना कायदेशीर वजन नाही, हे घेण्यापूर्वीच समजून घ्यावे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरावीक रीतीने घ्यावा लागतो. तरीही आमचा अनुभव असा की ‘पऱ्ह्या घाण झाला आहे’ अशा अर्जापेक्षा, प्रत्येक गटाराच्या तोंडाचा फोटो, त्याच्या वरच्या आणि खालच्या नळ्यांचे रंग, तारीख आणि वेळ असलेला साधा नकाशा हाती दिला की समोरच्याला उत्तर द्यावे लागते. पालिकेचे स्वच्छता निरीक्षक तो नकाशा घेऊन स्वतः काठाने फिरले. ज्या इमारतीचा पाइप गटाराला जोडलेला होता, तिथल्या रहिवाशांनी टाकी उपसून घेतली आणि नवीन शोषखड्डा खणला. त्यानंतर त्या ठिकाणचा अमोनियाचा रंग उतरला. जांभ्यातून पाझरणारे नायट्रेट मात्र तसेच आहे, आणि सड्यावर घरे वाढत असताना ते कमी होण्याचे काही कारण मला दिसत नाही. मासळी बाजाराच्या गटारावर जाळी बसवण्याचे मान्य झाले आहे. जाळीने खवले आणि आतडी अडतील, विरघळलेला अमोनिया अडणार नाही, हे आम्ही लेखी कळवले आहे.

शाळा, महिला बचत गट किंवा गृहनिर्माण संस्था यांच्यासाठी ही पेटी मी निःसंकोच सुचवीन. एकट्या कुटुंबाने ती घेऊ नये, कारण शंभर चाचण्यांची द्रावणे मुदतीत संपत नाहीत. त्यांनी विहिरीसाठी सुट्या एचटूएस बाटल्या घ्याव्यात आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, जिल्ह्याच्या शासकीय प्रयोगशाळेत पाणी द्यावे. पेटी मागवताना द्रावणांच्या प्रत्येक बाटलीवरील उत्पादनाची तारीख फोनवर विचारून घ्यावी. आमच्याकडे पाठवलेल्या भरणा-बाटल्यांपैकी (संपलेल्या द्रावणांच्या जागी घ्यायच्या बाटल्यांपैकी) काहींची मुदत जेमतेम तीन महिने उरली होती, त्या आम्ही परत केल्या आणि विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिल्या. सुट्या भरणा-बाटल्या मिळतात का, हेही आधीच पाहावे, कारण अमोनिया आणि नायट्रेटची द्रावणे इतरांच्या खूप आधी संपतात आणि त्यांच्यासाठी संपूर्ण पेटी पुन्हा घ्यावी लागणे परवडणारे नाही.